चाकं टेकली म्हणजे उतरलो असं नाही: शेपटीच्या चाकाचं विमान आणि वजनाचा हिशेब

चाकं गवताला टेकली. उडी नाही, धक्का नाही. मनात आलं, "जमलं!" आणि पाय सैल पडले.

पुढच्या दोन-तीन सेकंदांत विमानाचं नाक डावीकडे वळलं. मी उजवा रडर दाबला, पण उशिरा. नाक ऐकेना. शेपूट उजवीकडून पुढे यायला लागलं, उजवा पंख खाली झुकला, गवतावर घासला, आणि विमान जवळजवळ आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलं. इंजिन बंद केलं. मला खरचटलंही नव्हतं. पंखाच्या टोकाचं कापड मात्र फाटलं होतं. ते विमान तीन आठवडे दुरुस्तीत गेलं आणि माझ्यासारख्याच पाच-सहा विद्यार्थ्यांची बुकिंग्ज माझ्यामुळे रद्द झाली.

या प्रकाराला ग्राउंड लूप म्हणतात. तो का होतो, तो टाळायला पायलट काय करतात आणि विमानातलं वजन नेमकं कुठे आहे याचा त्याच्याशी काय संबंध, हे या लेखात बघू. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, सध्या कामासाठी अमेरिकेत असतो आणि शनिवार-रविवारी छोटी विमानं उडवतो. त्यामुळे हे सगळं थोडं पुस्तकातून आणि बरंचसं चुकांतून शिकलेलं आहे.

तिसरं चाक कुठे?

विमानतळावर आपण जी विमानं बघतो त्यांना दोन मोठ्या चाकांचे संच पंखांच्या आसपास असतात आणि एक छोटा संच नाकाखाली. विमान उभं असताना जमिनीला समांतर असतं. आज बहुतेक सगळी विमानं अशीच आहेत.

पूर्वी असं नव्हतं. दोन मुख्य चाकं पुढे आणि तिसरं बारकं चाक एकदम शेपटाखाली, अशी रचना असायची. त्याआधी तर चाकाच्या जागी नुसती घासत जाणारी पट्टी असायची. असं विमान उभं असताना नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीवर. म्हणून त्याला इंग्रजी बोलीत 'टेलड्रॅगर', म्हणजे शेपूट ओढत जाणारं, असं नाव पडलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमान शेपटीवर बसणारंच होतं. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे १९५१ साली उडालेलं शिकाऊ विमान आणि १९५८ साली उडालेलं, पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये पोचलेलं 'पुष्पक', हीसुद्धा शेपटीच्या चाकाचीच. आपल्याकडच्या पायलटांच्या एका अख्ख्या पिढीचे पाय या विमानांनी तयार केले.

मग ही रचना मागे का पडली? कारण उतरवायला अवघड. १९५६ साली सेसना कंपनीने आपल्या १७० या शेपूटचाकी विमानाचं चाक नाकाखाली आणून १७२ हे मॉडेल काढलं. पुढे ते जगातलं सगळ्यात जास्त बनवलं गेलेलं विमान ठरलं. शिकणाऱ्यांना ते सोपं वाटलं, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

तरीही टेलड्रॅगर संपले नाहीत. नाक वर असल्यामुळे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो, खडे-गवत कमी लागतं. नाकाचं चाक आणि त्याचा जड दांडा नसल्यामुळे वजन वाचतं. खडबडीत जागी नाकाचं चाक खड्ड्यात अडकून मोडायची भीती नाही. अलास्कामध्ये नदीकाठच्या वाळूवर उतरणारी पायपर सुपर कबसारखी विमानं म्हणूनच आजही शेपटीच्या चाकाची असतात.

अमेरिकेत साधं पायलट लायसन्स असलं तरी टेलड्रॅगरचा कप्तान म्हणून उडायला वेगळं प्रशिक्षण घेऊन इन्स्ट्रक्टरची लेखी सही घ्यावी लागते. माझं लायसन्स नाकाच्या चाकाच्या विमानावर झालेलं. त्यानंतर मी पायपर जे-३ कब शिकायला लागलो. १९३८ ते १९४७ या काळात बनलेलं, ६५ अश्वशक्तीच्या इंजिनाचं, कापडाने मढवलेलं, एकामागे एक अशा दोन सीटचं पिवळं विमान.

उसाची ट्रॉली रिव्हर्स घेऊन बघा

उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मागे ट्रॉली हे दृश्य नेहमीचं. ट्रॅक्टर पुढे जात असताना ट्रॉली आपोआप त्याच्या मागे येते. थोडी तिरकी झाली तरी ओढली जाऊन परत सरळ होते. आता तोच ट्रॅक्टर रिव्हर्स घ्या. ट्रॉली जराशी डावीकडे गेली की आणखी डावीकडे जाते, आणि तुम्ही वेळेत स्टीअरिंग मारलं नाही तर ट्रॉली दुमडून ट्रॅक्टरला काटकोनात येते. गाडी तीच, सांधा तोच. फरक एवढाच की पहिल्या वेळी वजन ओढलं जात होतं, दुसऱ्या वेळी ढकललं जातंय.

विमानाचंही असंच आहे. सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलंय असं धरलं तर तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. नाकाच्या चाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. शेपटीच्या चाकाच्या विमानात तो मुख्य चाकांच्या मागे असतो. असावाच लागतो, नाहीतर विमान नाकावर पडेल.

आता समजा, विमान धावपट्टीवर पळतंय आणि नाक थोडं डावीकडे वळलं. विमान अजून सरळच चाललंय, पण चाकं तिरकी झाली. तिरक्या चाकांना जमीन बाजूने रेटते. हा रेटा चाकांपाशी लागतो, तर वजन आपल्या आधीच्या दिशेनेच पुढे जायला बघतं. वजन चाकांच्या पुढे असेल तर हा रेटा आणि वजन मिळून नाक परत सरळ करतात. वजन चाकांच्या मागे असेल तर तोच रेटा नाक आणखी वळवतो. नाक आणखी वळलं की चाकं आणखी तिरकी, रेटा आणखी मोठा.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण द्यायचं तर, सर्व्हर स्लो झाला की क्लायंट पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट मारतात, त्यामुळे सर्व्हर अजून स्लो होतो, मग रिक्वेस्ट अजून वाढतात. सुरुवातीच्या काही क्षणांत आवरलं तर आवरतं. नंतर रीस्टार्टशिवाय उपाय नसतो. ग्राउंड लूपमध्ये रीस्टार्ट म्हणजे विमान गरकन फिरून थांबणं. फिरताना ते बाहेरच्या बाजूला कलतं, बाहेरचा पंख घासतो, आणि वेग जास्त असेल तर बाहेरच्या चाकाचा दांडाच मोडतो.

यावरून पहिला नियम निघतो. नाक वळल्यावर दुरुस्त करायचं नाही, वळायला लागलं की दुरुस्त करायचं. म्हणून टेलड्रॅगरचे पायलट उतरताना रडरच्या पेडलवर पाय सतत हलवत असतात. छोटे छोटे टोले, डावा-उजवा, डावा-उजवा. मोठा आणि उशिराचा टोला मारला तर विमान दुसऱ्या बाजूला उसळतं, मग तिकडून परत. माझे इन्स्ट्रक्टर सत्तरीतले गृहस्थ होते. ते मागून एवढंच म्हणायचे, "पाय जिवंत ठेव."

उतरायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत: तिन्ही चाकं एकदम. जमिनीच्या अगदी जवळ, साधारण हातभर उंचीवर, इंजिन आयडलवर ठेवून विमान तसंच तरंगत ठेवायचं. वेग कमी होत जातो. विमान खाली बसू बघतं, तुम्ही स्टिक हळूहळू मागे ओढून नाक वर करत राहता आणि त्याला बसू देत नाही. शेवटी स्टिक पोटाला लागते, पंखांची ताकद संपते आणि विमान तिन्ही चाकांवर बसतं. हे बसणं शक्य तितक्या कमी वेगाला होतं, हाच याचा फायदा. कब साधारण ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला पेलू शकत नाहीत. ६० ऐवजी ७० ला टेकलात तर वेग फक्त १० ने जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ३६ टक्के जास्त. ती सगळी ऊर्जा धावपट्टीवर तुम्हालाच पायांनी सांभाळायची असते.

तोटा असा की नाक वर असल्यामुळे समोरचं काही दिसत नाही. कबमध्ये मागच्या सीटवर बसलात तर समोर इंजिनाचं झाकण, पुढची सीट आणि त्यावर कोणी असेल तर त्याचं डोकं. मग धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बघायच्या. दोन्हीकडे सारखं गवत दिसतंय म्हणजे मी मधोमध आहे.

दुसरी पद्धत: पुढची दोन चाकं आधी. याला व्हील लँडिंग म्हणतात. विमान जवळजवळ आडवं ठेवून, थोड्या जास्त वेगाने, फारच हळुवारपणे मुख्य चाकं टेकवायची. टेकता क्षणी स्टिक किंचित पुढे करायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, जमिनीवर टेकताना स्टिक पुढे? नाक आपटेल की! पण कारण पुन्हा वजनाचंच आहे. चाकं आदळली की त्यांच्या मागे असलेलं वजन खालीच जात राहतं, म्हणजे शेपूट खाली येतं. शेपूट खाली आलं की पंख हवेला जास्त कोनात भिडतो, लिफ्ट वाढते आणि विमान परत हवेत उडतं. लोकांना वाटतं की चाकांची स्प्रिंग विमानाला उडवते. थोडं तेही असतं, पण बहुतेक वेळा उडी पंखांचीच असते. स्टिक किंचित पुढे केली की शेपूट वर राहतं, लिफ्ट कमी होते आणि वजन चाकांवर बसतं.

व्हील लँडिंगमध्ये समोरचं नीट दिसतं आणि वाऱ्याच्या झोतात विमानावर पकड चांगली राहते. पण एक नाजूक टप्पा येतो. वेग कमी होता होता शेपूट खाली आणायचं असतं. त्या मधल्या काही सेकंदांत रडरवरून जाणारी हवा मंदावलेली असते, म्हणून रडरचा जोर कमी, आणि शेपटीचं चाक अजून जमिनीला लागलेलं नसतं, म्हणून त्याचाही आधार नाही. शेपूट टेकलं की स्टिक पूर्ण मागे ओढून शेपटीचं चाक जमिनीत दाबून धरायचं. तेच आता स्टीअरिंग आहे.

कुठली पद्धत चांगली यावर पायलट लोक चहाच्या टपरीवर राजकारणावर भांडावं तसं भांडतात. मला शिकवलं ते असं: दोन्ही यायला पाहिजेत, आणि विमानाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचायचं. आणि उडी मोठी झाली तर दोन्हींचं उत्तर एकच. पूर्ण थ्रॉटल, परत वर, पुन्हा प्रयत्न.

बाजूचा वारा

वारा अगदी समोरून कधीच येत नाही. ताशी २० किलोमीटरचा वारा धावपट्टीला ३० अंशांनी तिरका असेल तर त्यातला निम्मा, म्हणजे १० किलोमीटर, बाजूने ढकलत असतो. शेपटीचा उभा पंखा वाऱ्याला पालासारखा असतो. त्याला वारा ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेला वळतं. देवळाच्या शिखरावरचा झेंडा किंवा वेधशाळेचा वातकुक्कुट फिरतो तसंच.

म्हणून उतरताना वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली ठेवायचा आणि उलट बाजूचा रडर देऊन नाक धावपट्टीच्या सरळ रेषेत ठेवायचं. टेकताना वाऱ्याच्या बाजूचं चाक आधी टेकतं, मग दुसरं. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं: टेकल्यावर स्टिक सोडायची नाही. उलट वेग कमी होईल तसतशी ती वाऱ्याच्या बाजूला आणखी वळवत न्यायची, अगदी टोकापर्यंत. कारण हवा मंदावली की एलेरॉनचा जोर कमी होतो, तेवढाच परिणाम मिळवायला जास्त वळवावं लागतं.

कच्च्या गवतावर चाकं थोडी घसरतात, म्हणून चुका पोटात घेतल्या जातात. डांबरावर रबर पकड घेतं आणि तीच चूक जोरात अंगावर येते.

हिरवा सेल आणि विमानातली पाटी

आता वजनाच्या हिशेबाकडे येऊ. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे असतो हे ठीक, पण किती मागे? ते दर फ्लाइटला बदलतं, कारण माणसं, सामान आणि पेट्रोल बदलतं.

पद्धत शाळेतल्या सी-सॉसारखीच आहे. विमानावर एक संदर्भरेषा ठरवलेली असते, बऱ्याचदा पंखाची पुढची कड. प्रत्येक वजन त्या रेषेपासून किती मीटर मागे आहे ते घ्यायचं. पुढे असेल तर उणे. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. सगळे मोमेंट बेरीज करायचे, एकूण वजनाने भागायचे. उत्तर म्हणजे गुरुत्वमध्याची जागा. ती निर्मात्याने दिलेल्या पुढच्या आणि मागच्या मर्यादेच्या आत हवी.

समजायला सोपं जावं म्हणून कबसारख्या एका काल्पनिक विमानाचे गोल आकडे घेतो. खऱ्या विमानाचे आकडे त्याच्या स्वतःच्या कागदांतूनच घ्यायचे असतात. आपल्या विमानात मुख्य चाकांचा आस संदर्भरेषेच्या बरोबर खाली आहे, आणि शेपटीचं चाक त्याच्या ५ मीटर मागे. गुरुत्वमध्याची मर्यादा ०.२७ ते ०.५६ मीटर.

आधी रिकामं विमान तराजूंवर ठेवायचं. शेपूट स्टँडवर उचलून विमान आडवं करायचं, कारण शेपूट खाली असलं की गुरुत्वमध्य चाकांच्या तुलनेत आणखी मागे झुकतो आणि आकडा चुकतो. समजा मुख्य चाकांवर ३२० किलो आणि शेपटीच्या चाकावर २० किलो आले. एकूण ३४० किलो. मोमेंट २० गुणिले ५, म्हणजे १००. भागाकार ०.२९ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य चाकांच्या मागे जेमतेम एक वीत-दीड वीत.

बाकीच्या गोष्टी अशा:

- पेट्रोल: ४५ लिटर, सुमारे ३२ किलो. टाकी नाकात, संदर्भरेषेच्या ०.४५ मीटर पुढे. मोमेंट उणे १४.४.
- पुढची सीट: ०.२५ मीटर मागे. ७० किलोच्या माणसाचा मोमेंट १७.५.
- मागची सीट: ०.९० मीटर मागे. त्याच माणसाचा मोमेंट ६३.

खऱ्या जे-३ कबमध्येही टाकी इंजिनाच्या मागे, पायलटच्या पुढे, नाकातच असते. आणि त्यात एक पाटी असते, जिचा अर्थ असा: एकट्याने उडवायचं असेल तर फक्त मागच्या सीटवरून.

मी इंजिनिअर असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात घरी बसून या सगळ्याची स्प्रेडशीट केली. मर्यादेत असेल तर सेल हिरवा, नसेल तर लाल. आणि सहज म्हणून एकटा, पुढची सीट, टाकी फुल्ल असं टाकून बघितलं. सेल हिरवा! मला आनंद झाला. म्हणजे पुढे बसून, समोरचं सगळं बघत उडवता येईल की. ती पाटी जुन्या काळची, उगाच जास्त काळजी करणारी असणार.

इन्स्ट्रक्टरना प्रिंट दाखवला. त्यांनी बघितला आणि विचारलं, "तुझं पेट्रोल कुठे आहे?"

पेट्रोलच्या अंतरापुढचं उणे चिन्ह मी विसरलो होतो. माझ्या शीटमध्ये नाकातली टाकी उचलून पायलटच्या मागे गेली होती.

वरच्याच आकड्यांनी बघा. चुकीच्या चिन्हाने: १०० अधिक १४.४ अधिक १७.५, म्हणजे १३१.९. भागिले ४४२ किलो, उत्तर ०.३० मीटर. मर्यादेत, हिरवं. बरोबर चिन्हाने: १०० उणे १४.४ अधिक १७.५, म्हणजे १०३.१. उत्तर ०.२३ मीटर. पुढच्या मर्यादेच्या बाहेर. मागच्या सीटवर बसलं तर: १४८.६ भागिले ४४२, म्हणजे ०.३४ मीटर. निवांत मर्यादेत. पाटी उगाच नव्हती. कोणीतरी हाच गुणाकार बरोबर चिन्हाने करून ती लावली होती.

कोडमध्ये असा बग असता तर मी टेस्ट लिहिल्याशिवाय मर्ज केला नसता. इथे उत्तर मला हवं तसं आलं म्हणून मी तपासलंच नाही. आता शीटमध्ये मी एक साधी टेस्ट ठेवली आहे: पेट्रोल वाढवलं की गुरुत्वमध्य पुढे सरकलाच पाहिजे. नाही सरकला तर शीट चुकलीय.

मग मर्यादा ओलांडली तर होतं काय?

गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर नाक जड होतं. उतरताना स्टिक पोटाला लागली तरी नाक पुरेसं वर येत नाही, म्हणून तीन चाकांवर बसायचं ठरवलेलं विमान पुढच्या चाकांवर आदळतं आणि उडी मारतं. दुसरा धोका ब्रेकचा. ब्रेक दाबला की विमान पुढे झुकतं, आणि त्याला मागे धरून ठेवतं ते चाकांच्या मागचं वजन. वरच्या उदाहरणात शेपूट उचललेलं असताना हा आधार ३४ सेंटिमीटरवरून २३ वर येतो, म्हणजे नाकावर पडायच्या आधी जेवढा ब्रेक मारता आला असता त्याच्या सुमारे ३० टक्के कमी. प्रोपेलर जमिनीत घुसला की इंजिन उघडावं लागतं.

गुरुत्वमध्य फार मागे असेल तर हवेत विमान चंचल होतं. स्टिकला हलकं लागतं, नाक भटकतं, आणि स्टॉल झालं तर नाक खाली आणायला जोर पुरत नाही. हा प्रकार जीवघेणा आहे. जमिनीवर त्याचा अर्थ ट्रॉली आणखी लांब आणि जड झाली. एकदा फिरायला लागलं की जास्त जोराने फिरतं. व्हील लँडिंगमध्ये शेपूटही जास्त जोराने खाली येतं, म्हणजे उडी मोठी.

आणि हे आकडे उडतानाही बदलत असतात. टाकी नाकात असेल तर पेट्रोल जळेल तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. आपल्या उदाहरणात मागे बसलेला एकटा पायलट फुल्ल टाकीने निघाला तर ०.३४ मीटर. टाकीत ५ किलो पेट्रोल उरलं असताना ०.३९ मीटर. पाच सेंटिमीटरचा फरक, ऐकायला काहीच नाही. पण चाकांच्या मागची ती तरफ जवळजवळ १५ टक्के लांब झाली. म्हणून निघतानाचा आणि उतरतानाचा, असे दोन हिशेब करायचे असतात. सुपर कबमध्ये टाक्या पंखांत गेल्या, म्हणून ते एकट्याने पुढच्या सीटवरून उडवता येतं. त्यामुळे एका विमानाची सवय दुसऱ्याला लावायची नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं

आता परत सुरुवातीच्या गवताकडे. संध्याकाळ होती, तिसरी फेरी. एकटाच होतो, मागच्या सीटवर. टाकी बरीच रिकामी. वारा डावीकडून, फार नाही. उतरणं खरंच चांगलं झालं होतं, आणि तोच घात झाला.

चाकं टेकल्यावर मी तीन गोष्टी केल्या, किंवा केल्या नाहीत. पाय थांबवले. स्टिक जी डावीकडे आणि पूर्ण मागे असायला हवी होती ती मधोमध येऊ दिली. आणि नजर धावपट्टीच्या टोकावरून काढून वेगाच्या काट्यावर नेली, किती छान वेगाला टेकलो ते बघायला. वाऱ्याने शेपूट ढकललं, नाक डावीकडे. डावा पंख स्टिकने दाबलेला नव्हता म्हणून तो उचलला गेला. शेपटीच्या चाकावर स्टिकचा दाब नव्हता म्हणून ते फरपटत गेलं. मी वर बघितलं तेव्हा ट्रॉली दुमडायला लागली होती.

टाकी रिकामी असल्यामुळे गुरुत्वमध्य मागे होता, हे खरं. पण मर्यादेच्या पूर्ण आत होता. इन्स्ट्रक्टरना मी ते कारण सांगून बघितलं. ते म्हणाले, "वजनाने तुला कमी वेळ दिला. तो वेळ तू वापरलाच नाहीस." यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी विमान परत आलं. पंखाच्या टोकावर नवं कापड होतं, जुन्यापेक्षा जरा जास्त पिवळं. बाकीच्या विद्यार्थ्यांना मी एकेक करून फोन केला होता. कोणी रागावलं नाही. एकीने सांगितलं की तिचाही असाच लूप झालेला, फक्त डांबरावर, आणि तिथे चाकाचा दांडा गेला. मग मी पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर पहिल्यापासून सुरुवात केली. आता ते मला विमान पूर्ण थांबेपर्यंत बोलू देत नाहीत. इंजिन बंद, दोर बांधला, मग "कसं झालं?" विचारायचं.

थोडक्यात

- टेलड्रॅगरमध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून जमिनीवर वळण आपोआप वाढतं. बाकी सगळं तंत्र या एकाच गोष्टीतून येतं.
- पायांची दुरुस्ती छोटी आणि लगेच. मोठी आणि उशिराची दुरुस्ती म्हणजे नवी चूक.
- तीन चाकांवर बसायचं तर वेग कमीत कमी. दोन चाकांवर बसायचं तर टेकणं हळुवार आणि स्टिक किंचित पुढे. उडी मोठी झाली तर परत वर जायचं.
- बाजूच्या वाऱ्यात टेकल्यावर स्टिक सोडायची नाही, वाढवत न्यायची.
- वजनाचा हिशेब निघतानाचा आणि उतरतानाचा, दोन्ही करायचा. पुढे असलेल्या वजनाला उणे चिन्ह आहे ना, ते दोनदा बघायचं.
- तुमची शीट आणि विमानातली पाटी यांच्यात वाद झाला तर आधी शीट तपासा.

फ्लाइट सिम्युलेटरवर हे करून बघायचं असेल तर कब घ्या, डावीकडून ताशी १० किलोमीटरचा वारा लावा, आणि टेकल्यावर पाय काढून घ्या. दोन-तीन सेकंदांत काय होतं ते दिसेल. मग रीसेट दाबा. मला ते बटण मिळालं नव्हतं.